चौदा नंबरची गाडी

माझ्या घरातल्या प्रत्येक खोक्यावर आत काय आहे ते लिहिलेलं असतं. दिवाळीचे कंदील, जुनी बिलं, पाहुण्यांच्या चादरी, सगळं. ऑफिसात या सवयीवरून माझी थट्टा होते, पण हवी ती वस्तू हवी तेव्हा सापडते, म्हणून मी ती सोडलेली नाही. फक्त एका खोक्यावर माझी चिठ्ठी नाही. त्यावर आधीच छापलेलं आहे, 'मेड इन जपान'. ते खोटं आहे आणि ते तसंच राहणार आहे.

त्या खोक्यात आमचा लहानपणचा रेसिंगचा ट्रॅक आहे. ज्यांनी असा पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. काळ्या प्लास्टिकचे तुकडे एकमेकांत अडकवले की इंग्रजी आठच्या आकाराचा रस्ता तयार होतो. त्यात शेजारी शेजारी दोन खाचा, खाचेच्या दोन्ही कडांना धातूच्या पट्ट्या, आणि पट्ट्यांतून वीज. गाडीच्या पोटाखाली एक खुंटी असते, ती खाचेत बसते. खुंटीच्या दोन्ही बाजूंना तांब्याच्या तारांचे झुपके, ते पट्टीला घासत जातात आणि मोटर फिरते. हातात पिस्तुलासारखा कंट्रोलर. हळू दाबला की गाडी शहाण्यासारखी जाते, जोरात दाबला की वळणावर उडून थेट कॉटखाली. आम्ही दोघी बहिणी, मी आणि धाकटी रोहिणी, बहुतेक वेळ कॉटखालीच असायचो. शेजारच्या काकू आईला म्हणायच्या, "मुलींना कसल्या गं गाड्या आणून दिल्यात?" आई म्हणायची, "मामानं पाठवल्यात. मामाला विचारा." आणि मामाला विचारणं सोपं नव्हतं, कारण मामा मस्कतला होता.

विलासमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. आईचं माहेर बदलापूर गावात. मस्कतला जाण्याआधी मामा पेंटर होता, दुकानांच्या पाट्या रंगवायचा, आणि जयंतीचे सगळे बॅनर त्याच्याच हातचे. तो निघाला तेव्हा मी एवढीशी होते, पण निरोपाचा फोटो आमच्या हॉलमध्ये कायम लागलेला होता. विहारात जमलेली अख्खी वस्ती, गळ्यात हारांचा ढीग, त्या ढिगावर कसाबसा दिसणारा मामाचा चेहरा. आपल्या वस्तीतला पहिला मुलगा परदेशी चाललाय, असं अध्यक्षांनी भाषणात सांगितलं होतं, आणि आजी ते वाक्य पुढे कित्येक वर्षं भाजीवालीलासुद्धा ऐकवायची. मामा अधूनमधून सुट्टीवर यायचा. मोठी बॅग, अत्तराचा वास, खजुराचं पाकीट, आईला सेंटची बाटली, बाबांना दाढीचं सामान. त्याच्या नखांच्या कडा निळ्या असायच्या. रोहिणीनं विचारलं तर म्हणाला, "तिकडचा समुद्र लई निळा असतो. हात घातला की रंग लागतो." आम्ही दोघींनी विश्वास ठेवला. बाबांनीही ठेवला असावा, कारण ते काही बोलले नाहीत.

दर शुक्रवारी शेजारच्यांकडे मामाचा फोन यायचा. तिकडे शुक्रवारी सुट्टी, आणि इकडे अंबरनाथच्या कारखान्यांनाही शुक्रवारीच, त्यामुळे बाबा घरी असायचे. मामा ओरडून बोलायचा, लांबून बोलताना माणसं बोलतात तसा. त्याचा शेवटचा प्रश्न ठरलेला. "सुजे, गाडी पळते का?" मी म्हणायचे, "पळते." एकदा तो मध्येच म्हणाला, "ठेवतो गं, लाइट गेली, फार उकडतंय." मी घरी आले तर आमचीही लाइट गेलेली. रोहिणी खो खो हसली. "मस्कतला पण शुक्रवारचं लोडशेडिंग?" आई तिच्यावर इतकी खेकसली, की त्या हसण्यासाठी एवढं रागावण्यासारखं काय होतं, हे मला कळलं नाही.

गाड्या दोन होत्या. लाल गाडीवर १४ आणि पांढरीवर ५६, पिवळ्या रंगात, इंग्रजी आकड्यांत. आमच्या घरात हे दोन आकडे कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. चौदा म्हणजे जयंती, छप्पन म्हणजे दीक्षेचं साल. जपानच्या कंपनीनं नेमके हेच आकडे कसे घातले, हा प्रश्न खोकं उघडलं त्याच दिवशी निघाला होता आणि बाबांनी तो जागच्या जागी मिटवला होता. "जपानमध्ये सगळे आपलेच आहेत. बौद्ध राष्ट्र आहे ते." आम्हाला हे इतकं पटलं, की पुढे शाळेत मी जपानवरच्या निबंधात ते लिहिलं. बाईंनी लाल शाईनं प्रश्नचिन्ह काढलं. मला त्या बाईंची कीव आली होती.

आमचं घर तेव्हा अंबरनाथ पूर्वेला, चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. बाबा मोरिवलीजवळच्या एका कारखान्यात फिटर. त्यांच्या डब्याला आई पहाटे भाकरी थापायची, त्या थापण्याच्या आवाजानं मी जागी व्हायचे. अजूनही कुठे हातावरच्या भाकरीचा आवाज आला की मला शाळेला उशीर झालाय असं वाटतं. सुकटीची चटणी तव्यावर पडली की जिन्यात ठसका जायचा आणि खालच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडायचं, "काकू, एक वाटी इकडे!" आई काटकसरी होती, पण एका बाबतीत तिचं वागणं कुणालाच कळत नसे. अख्खं अंबरनाथ कपडे घ्यायला उल्हासनगरला जायचं. कॅम्प तीनच्या बाजारात निम्म्या भावात मिळतं, हे पोरांनासुद्धा ठाऊक होतं. आई आम्हाला कल्याणला न्यायची. जास्त पैसे द्यायची, जास्त चालायची, आणि कुणी विचारलं तर एकच वाक्य, "उल्हासनगरचा कपडा टिकत नाही." पुढे वाद नाही.

मी बारावी होऊन कॉलेजात गेले त्या वर्षी मामाचा फोन आला की तो कायमचा परत येतोय. बातमी बदलापूरला पोचताच विहारवाल्यांनी स्वागत ठरवलं. पण आजीला गुडघ्यांमुळे कुठे जाववत नव्हतं आणि तिला आमच्याकडे आणलेलं होतं, म्हणून स्वागत रविवारी आमच्याच घरी करायचं ठरलं. आईनं पडदे धुतले. मी कामांची यादी केली आणि त्यात माझं स्वतःचं एक काम घातलं. गाडी पळत नव्हती. मामाला फोनवर दर वेळी 'पळते' म्हणून सांगत असले तरी ट्रॅक माळ्यावर जाऊन जमाना झाला होता. मामा दारात येईल तेव्हा तो हॉलमध्ये चालू पाहिजे, असं मी ठरवलं.

खोकं खाली काढलं. पट्ट्या गंजून तपकिरी झालेल्या, टायर कडक होऊन तडकलेले, झुपक्यांच्या जागी काळी भुकटी, एका कंट्रोलरची तार कुरतडलेली आणि दुसरा कंट्रोलर गायबच. बाबांनी चष्मा लावला, पांढरी गाडी उलटी केली आणि म्हणाले, "मशीन बरं आहे. आळस चढलाय फक्त." मग ते आणि मी कामाला लागलो. बारीक पॉलिश पेपरनं पट्ट्या घासल्या. जोडांना रॉकेलचा बोळा फिरवला. केबल टीव्हीच्या तुटक्या वायरच्या आतली तांब्याची जाळी सोलून तिचे नवे झुपके केले. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून टायर बसवले. टेपरेकॉर्डरचा बंद पडलेला अडॅप्टर उघडून त्याची तुटलेली वायर बाबांनी कथलाचा डाग देऊन जोडली आणि आमचा ट्रॅक त्यावर चालवायचं ठरवलं. छप्पन नंबर एकदम सुटला, भिंतीवर आपटला आणि रोहिणी टाळ्या वाजवत सुटली. पण चौदाची मोटर जळलेली होती, आणि कंट्रोलर एकच.

"हे कॅम्पात मिळेल," बाबा म्हणाले. "तीन नंबरला खेळण्यांची गल्ली आहे."

"कॅम्पात जायचं नाही," आई आतून म्हणाली. पोळपाटावरचं लाटणं थांबलं होतं. "तिथं सगळं डुप्लिकेट. एकच गाडी पळव."

एकाच गाडीची शर्यत कशी लावतात? मी दुसऱ्या दिवशी कॉलेजला जाते म्हणून निघाले आणि शेअर रिक्षानं कॅम्प तीनला उतरले.

खेळण्यांच्या गल्लीत चौथ्या का पाचव्या दुकानात एक म्हातारे सिंधी गृहस्थ बसले होते. मी पिशवीतून लाल गाडी आणि खोक्याचं झाकण काढून ठेवलं आणि माझ्या परीनं व्यवस्थित सांगितलं, की हा जपानचा माल आहे, मस्कतहून आलेला, याची मोटर आणि कंट्रोलर हवाय.

त्यांनी झाकण हातात घेतलं आणि त्यांचं पोट हलायला लागलं. "मस्कत से? बेटा, ये इधर से आया है." त्यांनी बोट मागच्या गल्लीकडे केलं. "पीछे मोल्डिंग होता था. इंजेक्शन मशीन मेरे साले का."

"पण इथं जपान लिहिलंय."

"तो और क्या लिखें? उल्हासनगर लिखें तो कोई लेगा?" मग त्यांनी गाडी उचलली, चष्मा कपाळावर ढकलला आणि आकडा बघून कपाळाला आठी घातली. "ये चौदा हमारा नहीं. हमारी सब गाड़ी पे सात और आठ जाता था, स्टिकर. ये तो ब्रश का काम है." पुन्हा हसले. "अरे, ये तो विलास का हाथ है. अपनी भांजियों के लिए ले गया था. बोला, साईं, नंबर मैं डालूंगा."

मी त्या क्षणीसुद्धा हिशोबी विचार केला, याचं मला आज नवल वाटतं. मामा सुट्टीवर आला असेल, मस्कतहून आणायचं राहिलं असेल, म्हणून इथून घेतलं असेल. नीट बसत होतं. मी मान डोलावली.

"बुलाऊं उसको?" म्हातारे म्हणाले. "पीछे ही है, धुलाई में. चाय के टाइम आता ही है."

मी काही बोलायच्या आत त्यांनी मागच्या दाराकडे तोंड करून हाक मारली होती. त्या दारातून गल्ली दिसत होती, गटारातून निळं पाणी वाहत होतं, ओल्या जीन्सचे ढीग पडले होते. आणि त्या ढिगांमधून बनियनवरचा एक माणूस येत होता, दोन्ही हात कोपरापर्यंत निळे.

पुढच्या काही क्षणांबद्दल मला नीट लिहिता येत नाही. मी प्रत्येक गोष्ट क्रमानं मांडणारी बाई आहे, पण इथं क्रम लागत नाही. मला आधी हात दिसले की चेहरा, ते सांगता येणार नाही. मस्कतला असलेला माणूस माझ्या घरापासून शेअर रिक्षाच्या अंतरावर उभा होता आणि त्याच्या कानावर बिडी खोचलेली होती. माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, की मामा यायला अजून रविवार उजाडायचाय.

मामानं मला पाहिलं आणि तो जागीच थांबला. मग त्याची नजर गाडीवर गेली.

"पळते का?" तो म्हणाला. तेच शब्द, पण या वेळी ओरडून नाही.

"मोटर जळलीय," मी म्हणाले.

त्यानं मला शेजारच्या हातगाडीवर बसवलं आणि दाल-पकवान मागवलं. मी पकवानाचे नुसते तुकडे करत राहिले. तो मात्र बोलत होता, जमिनीकडे बघत. एजंट मुंबईत ऑफिसला कुलूप लावून पळाला होता. विमान नाही, व्हिसा नाही, काही नाही. "हार अजून ताजे होते गं पिशवीत. ज्याला सकाळी हार घातले, तो संध्याकाळी परत कसा जाणार? म्हटलं, महिनाभर इथं काम करतो, काहीतरी करून खरंच जातो. मग महिना संपलाच नाही."

"कुणाला दिसला नाहीस इतकी वर्षं?"

"आत बसलो की कोण बघतं? एकदा तुझ्या बाबांच्या कारखान्यातला माणूस अगदी समोर आला. मला निरखून म्हणाला, तुमच्यासारखाच दिसणारा एकजण मस्कतला असतो." मामा हसला, मग त्याचं हसू गेलं. "लेबलं पण मीच छापतो इथली. इटली, अमेरिका. तुमच्या खोक्यावरचं जपानही माझंच. चांगलं आलं होतं ना अक्षर?"

मी मान हलवली. खरंच चांगलं आलं होतं.

"आता कंटाळा आला गं मस्कतचा," तो म्हणाला, आणि मला कळेना की हसावं की रडावं. "आईचं वय झालं. घरी यायचंय. पण सुजे, ताईला कळलं तर ती विहारात मान वर करून चालणार नाही. तिनं माझ्या नावावर इतकी वर्षं काढलीत. तिला नको सांगूस."

त्यानं मला मोटर आणि कंट्रोलर मिळवून दिला, स्वतः पिशवीत ठेवला. मी घरी आले. आईनं पिशवी रिकामी करायला घेतली आणि पांढऱ्या कापडावर चार निळ्या बोटांचे ठसे उठलेले मला तेव्हा दिसले. ती त्या ठशांकडे बघत राहिली. मी म्हणाले, "शाई सांडली." तिनं पिशवी साबणाच्या पाण्यात टाकली आणि खूप वेळ घासत बसली.

रविवारी मामा टॅक्सीनं आला, बॅगेसकट, अत्तरासकट, विमानतळावरून. हार, जय भीम, फोटो, चहा, खारी. आजी त्याचा हात सोडेना. मी ट्रॅकपाशी उकिडवी बसून त्याच त्या जोडावर बोळा फिरवत होते, कारण पाहुण्यांत शेजारच्या काकूंचा जावई होता आणि तो खराखुरा मस्कतला नोकरीला होता, सुट्टीवर आलेला. तो मामाजवळ सरकला.

"कुठल्या एरियात होतात तुम्ही? विमानतळाच्या बाजूला की बंदराच्या? आणि कंपनी कुठली? मी ओळखत असेन."

मामानं चहाचा कप खाली ठेवला. तोंड उघडलं. हॉलमधले सगळे ऐकायला वळले होते. एका उत्तराची देर होती, मग ते हार, आजी, आईची मान, काहीच उरलं नसतं.

"जावईबापू," आई एकदम म्हणाली, "नोकरीचं काय, ती संपली आता. तुम्ही आमची शर्यत बघा." आणि माझ्या आईनं, जिनं त्या ट्रॅकला केर काढतानासुद्धा कधी हात लावला नव्हता, पदर खोचला, खाली बसली आणि छप्पनचा कंट्रोलर उचलला. "विलास, ये. चौदा तुझी."

मामा तिच्यासमोर बसला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. गाड्या सुटल्या. आईनं कंट्रोलर असा दाबला जसा कुणाचा तरी गळा दाबावा, आणि छप्पन नंबर पहिल्याच वळणावर हवेत उडून थेट जावईबापूंच्या चहात पडला. हॉल हसण्यानं फुटला. जावई शर्ट पुसत उभा राहिला, काकू ओरडल्या, आजी 'काय झालं, काय झालं' करत राहिली. चौदा नंबर मात्र एकटाच फिरत होता, शांतपणे, आठाच्या आकारात. मामाचं बोट कंट्रोलरवर होतं आणि तो मान खाली घालून बसला होता. तो प्रश्न पुन्हा कुणी विचारला नाही. जावई महिन्याभरात परत गेला.

मी हादरले होते ते त्या प्रश्नानं नाही. आईच्या आवाजानं. तो अडखळला नव्हता. ज्याला उत्तर ठाऊक आहे, तोच माणूस इतक्या वेळेवर मध्ये पडतो.

त्यानंतर मामा बदलापूरला पाट्या रंगवू लागला, आणि एका सकाळी आई म्हणाली, "चल सुजे, कॅम्प तीनला जाऊ. रोहिणीला ड्रेस घ्यायचाय." मी चप्पल घालायची विसरले. रिक्षातून उतरल्यावर तिनं कुणालाही रस्ता विचारला नाही. गर्दीतून सरळ चालत राहिली, खेळण्यांच्या गल्लीच्या तोंडाशी आली, आणि आत न बघता पुढे गेली. कापडाच्या दुकानात गादीवर बसून तिनं ताग्यावर तागा उलगडायला लावला.

"कधीपासून?" मी हळूच विचारलं.

"पहिल्याच वर्षी," ती कापडाकडे बघत म्हणाली. "साडीला फॉल लावायला आले होते. तो समोरून चहा प्यायला चाललेला, निळे हात घेऊन. त्यानं मला बघितलं नाही. मी मागे वळले."

"आणि मग कल्याण."

"मग कल्याण. मी इथं येत राहिले असते तर कधीतरी समोरासमोर आलो असतो. मग तो कुठं गेला असता?"

दुकानदार म्हणाला, "बहनजी, ये देखो, पक्का रंग."

मी तिचंच वाक्य तिला ऐकवलं. "पण आई, उल्हासनगरचा कपडा टिकत नाही ना?"

तिनं कापडाची कड दोन्ही हातांत धरली आणि जोरात ताणून पाहिली.

"आता टिकेल," ती म्हणाली, आणि दुकानदाराला दोन मीटर कापायला सांगितलं.